दोन हजारांतला एक भाग: वसतियोग्य ग्रह शोधताना कुठे फसायला होतं

‘वसतियोग्य’ हा शिक्का बसतो तो मुख्यतः दोन आकड्यांवर: ग्रहाची त्रिज्या किती आणि ताऱ्याकडून त्याला ऊर्जा किती मिळते. गंमत अशी की यातला एकही आकडा सहसा ग्रहाकडे बघून काढलेला नसतो. ग्रह दिसतच नाही. दिसतो तो तारा आणि त्याच्या प्रकाशात पडलेला बारीकसा खड्डा. म्हणून ‘दुसरी पृथ्वी सापडली’ अशी बातमी आली की आधी ताऱ्याची माहिती वाचावी, ग्रहाची नंतर.

ग्रह ताऱ्यासमोरून गेला, म्हणजे अधिक्रमण झालं, की दोघांच्या त्रिज्यांच्या गुणोत्तराच्या वर्गाइतका प्रकाश घटतो. सूर्यासमोरून पृथ्वी जाताना दुरून कोणी पाहिली तर घट दहा लाखांत ८४ भाग, वर्षातून एकदा, फार तर १३ तास. तेही पाहणारा जवळपास पृथ्वीच्या कक्षेच्या पातळीत असेल तरच. ही शक्यता साधारण २१५ मध्ये १. छोट्या लाल ताऱ्यांभोवती हेच गणित बरंच सोपं होतं, म्हणून सध्या सगळ्यांचा ओढा तिकडे आहे.

एक उदाहरण धरून चालू. सूर्याच्या निम्म्या त्रिज्येचा, निम्म्या वस्तुमानाचा तारा. तेज सूर्याच्या ०.०४ पट. दर ५० दिवसांनी सुमारे चार तासांचा, दहा लाखांत ५०० भागांचा खड्डा. म्हणजे दोन हजारांतला एक भाग. ५०० भागांचं वर्गमूळ काढून ताऱ्याच्या त्रिज्येने गुणलं की ग्रह पृथ्वीच्या १.२२ पट येतो. छान, खडकाळ असणार! पण तारा सूर्याएवढा निघाला तर तोच खड्डा २.४४ पट ग्रहाचा, आणि तो बहुधा जाड वायूच्या आवरणाचा. खड्डा तोच, ग्रह वेगळा.

अशी अधिक्रमणं शोधणाऱ्या टेस या नासाच्या अवकाश दुर्बिणीचा डेटा कोणालाही फुकट उतरवता येतो आणि पायथनमधलं लाइटकर्व्ह हे पॅकेज बरंच काम करतं. पण त्याची ठरावीक सेटिंग्ज डोळे झाकून वापरली की हा खड्डा आपल्याच हाताने बुजतो. ताऱ्याची संथ चढउतार काढून टाकणाऱ्या ‘फ्लॅटन’ची खिडकी, म्हणजे ती एका वेळी बघते तो तुकडा, मुळात १०१ बिंदूंची (नोंदींची) असते. दोन मिनिटांच्या नोंदींत हे झाले सव्वातीन-साडेतीन तास, आणि आपला खड्डा चार तासांचा. फिल्टरला तो ताऱ्याचीच चढउतार वाटतो आणि तो सपाट करून टाकतो. खिडकी खड्ड्याच्या निदान तिप्पट हवी: चार तासांचे १२० बिंदू, म्हणून ३६१ (संख्या विषम लागते). ‘रिमूव्ह आउटलायर्स’मध्येही खालची मर्यादा काढून फक्त वरची ठेवावी, नाहीतर खोल खड्ड्यांचे तळ कचरा समजून फेकले जातात. टेस आकाशाचा एकेक तुकडा, म्हणजे सेक्टर, पाहतो. प्रत्येक सेक्टरच्या मध्ये डेटा पाठवताना खंड पडतो. त्याच्या दोन्ही काठांवर दिसणाऱ्या घसरणीवर विश्वास ठेवू नये.

दुसरी अडचण काळाची. टेस एका सेक्टरकडे सुमारे २७ दिवस पाहतो. ५० दिवसांच्या ग्रहाचा फार तर एक खड्डा मिळेल, आणि एका खड्ड्यावरून आवर्तनकाळ नेमका सांगता येत नाही. दोन हवेत, तिसरा पटला तर बोलावं. अनेक सेक्टर एकमेकांवर येतात अशा, क्रांतिवृत्ताच्या ध्रुवांजवळच्या ताऱ्यांपासून सुरुवात केलेली बरी.

खड्डा खरा असला तरी तो ग्रहाचाच असेल असं नाही. टेसचा एक पिक्सेल २१ विकलांचा, म्हणजे तारकापुंजांकडे जाडा चष्मा लावून बघण्यासारखं. आपल्या ताऱ्याच्या हजारपट मंद अशी एक जोडतारा-जोडी त्याच पिक्सेलमध्ये लपली असेल आणि एकाने दुसऱ्याला झाकताना तिचा प्रकाश निम्मा होत असेल, तर एकूण घट किती? हजारांतल्या एकाचा निम्मा, म्हणजे दहा लाखांत ५००. आपला ‘ग्रह’ जसाच्या तसा! यावर तीन तपासण्या आहेत. सम आणि विषम क्रमांकाचे खड्डे वेगवेगळे काढून खोली ताडायची. फरक दिसला तर जोडतारे, आणि खरा काळ दुप्पट. दोन खड्ड्यांच्या मध्ये दुसरा उथळ खड्डा आहे का पाहायचं. आणि खड्ड्याच्या वेळी प्रकाशाचा मध्यबिंदू शेजारच्या ताऱ्यापासून दूर सरकतो का पाहायचं. शेजारी कोण आहे ते गाया या युरोपीय अवकाश दुर्बिणीच्या ताऱ्यांच्या यादीत दिसतं. ही शेवटची तपासणी लोक टाळतात, आणि सगळ्यात जास्त बळी हीच घेते.

आता ऊर्जा. केप्लरच्या तिसऱ्या नियमाने ५० दिवस आणि निम्मं वस्तुमान यावरून अंतर येतं पृथ्वी-सूर्य अंतराच्या ०.२१ पट. तेज भागिले अंतराचा वर्ग: ०.९. पृथ्वीला मिळते त्याच्या ९० टक्के, ग्रह वसतियोग्य पट्ट्यात, म्हणजे पाणी द्रव राहू शकेल अशा अंतरांच्या पट्ट्यात, बसला. पण तेज हे तापमानाच्या चौथ्या घाताने बदलतं. ३७०० केल्विनच्या ताऱ्यात १०० अंशांची चूक झाली तर तेज ११ टक्क्यांनी हलतं, आणि पट्ट्याच्या आतल्या काठावरच्या ग्रहाला तेवढंच पुरेसं असतं.

उपकरणही फसवतं. केप्लर दुर्बीण सूर्याभोवती सुमारे ३७२ दिवसांत फिरायची, आणि त्या काळाच्या आसपास खोट्या संकेतांचा ढीग साचला होता. २०१५ मध्ये जाहीर झालेल्या केप्लर-४५२ बी या ग्रहाचा काळ ३८५ दिवस. त्याच्या खरेपणावर पुढे प्रश्न उभे राहिले ते यामुळेच. अरीय वेगाच्या पद्धतीत, म्हणजे ग्रहाच्या ओढीने तारा आपल्याकडे आणि दूर डुलतो तो वेग मोजताना, हेच काम ताऱ्यावरचे डाग करतात. २०१० मध्ये गाजलेला ग्लीझ ५८१ जी असाच गेला: २०१४ च्या विश्लेषणात तो आणि त्याचा भाऊ डी हे ताऱ्याच्या स्वतःच्या हालचालीचे परिणाम ठरले.

आणि सगळं अचूक मोजलं तरी ‘वसतियोग्य’ शब्दाने हुरळून जाण्यासारखं काही नाही. शुक्राची त्रिज्या पृथ्वीच्या ०.९५ पट, फक्त त्रिज्या बघणाऱ्याला तो जुळा भाऊ वाटेल. पृष्ठभागावर मात्र सुमारे ७३५ केल्विन. फरक वातावरणाचा, आणि ते खड्ड्याच्या खोलीत दिसत नाही.

ते बघायला वेब दुर्बीण. ४० प्रकाशवर्षांवरच्या ट्रॅपिस्ट-१ चे सात ग्रह यासाठी आदर्श वाटले होते, कारण तारा सूर्याच्या जेमतेम १२ टक्के त्रिज्येचा आणि पृथ्वीएवढ्या ग्रहाचा खड्डा अर्ध्या टक्क्याहून मोठा. २०२३ मध्ये बी या ग्रहाची दिवसाची बाजू सुमारे ५०० केल्विन निघाली. एवढा ताप म्हणजे उष्णता रात्रीच्या बाजूला वाहून नेणारं जाड वातावरण नाही. पट्ट्यातला ई मात्र अवघड जातोय, कारण ताऱ्यावरचे डाग वर्णपटात स्वतःच्या खुणा मिसळतात आणि त्या वातावरणासारख्या दिसतात. त्यावर काढलेली युक्ती मस्त आहे: बी आणि ई यांची अधिक्रमणं लागोपाठ येतात तेव्हा दोन्ही नोंदवायची. बी उघडा खडक धरला, तर त्याच्या वर्णपटात जे काही उरतं ते ताऱ्याचं. ते ई मधून वजा करायचं.