रॅमचा आकडा बघून खूश होऊ नका

कोड कंपाइल झाला की आर्डुइनो आयडीई, म्हणजे आर्डुइनो बोर्डाचा कोड लिहायचं सॉफ्टवेअर, खाली रॅम किती वापरली ते दाखवतं, आणि बरेच जण ते बघून निवांत होतात की चला, अजून पाव रॅम मोकळी आहे. पण त्यात फक्त ग्लोबल आणि स्टॅटिक व्हेरिएबल्स मोजलेली असतात, फंक्शनच्या आतली साधी लोकल नाहीत, आणि घोळ तिथेच होतो.

आमच्या देवगडात वाडीतल्या एका डिप्लोमाच्या पोराने आंब्याच्या आढीत तापमान-दमटपणा नोंदवायला आर्डुइनो उनो बोर्ड लावला. मेमरी कार्डावर लिहायची वेळ आली की मधूनच आढीचं तापमान शून्याच्या खाली! "काका, सेन्सर गेलो वाटता." सेन्सर ठणठणीत होता.

उनोवरच्या एटीमेगा३२८पी ह्या एव्हीआर जातीच्या चिपमध्ये रॅम २०४८ बाइट, बस्स. कंपायलर आणि लिंकर मिळून ती लावतात ती अशी, की तळाला सुरुवातीची किंमत दिलेली ग्लोबल्स, त्यांच्यावर बीएसएस म्हणजे ज्यांना शून्य दिलंय किंवा काहीच दिलं नाही ती, मग मॅलॉक किंवा स्ट्रिंग क्लास वापरला तर हीप, म्हणजे कोड चालताना मागून घेतलेली जागा. स्टॅक, म्हणजे फंक्शनच्या आतली व्हेरिएबल्स जिथे राहतात ती जागा, मात्र वरच्या टोकापासून खाली उतरतो, आणि मध्ये गडगा नाही. मेमरी राखणारं हार्डवेअरच नाही, त्यामुळे एरर वगैरे काही येत नाही, स्टॅक गपचूप ग्लोबल्सवर लिहून मोकळा होतो.

त्या पोराच्या कोडमध्ये ग्लोबल्स १५३० बाइट, आणि कार्डावर लिहिणाऱ्या फंक्शनमध्ये ४०० बाइटचा लोकल कॅरेक्टर अ‍ॅरे. उरले ११८, त्यातच लायब्ररीची एकात एक फंक्शन्स, वर इंटरप्ट आला की तोही रजिस्टर्स ह्याच स्टॅकवर ठेवणार. कसं पुरेल?

त्या १५३० मध्ये काय होतं बघा. सिरियल प्रिंटमधली अवतरणातली वाक्यं! एव्हीआरमध्ये फ्लॅश, म्हणजे कोड राहतो ती मेमरी, आणि रॅम ह्यांचे पत्ते वेगळे, वाचायच्या इन्स्ट्रक्शन वेगळ्या, म्हणून अशी वाक्यं फ्लॅशमधून रॅममध्ये कॉपी होतात, नुसतं कॉन्स्ट लिहून काही होत नाही, वाक्य फ्लॅशमध्येच ठेवायला एफ मॅक्रो किंवा प्रॉगमेमच लागतं. एसटीएम३२ सारख्या एआरएम चिपवर कॉन्स्ट सहसा सरळ फ्लॅशमध्येच राहतं.

दुसरं, दर पंधरा मिनिटांचं रीडिंग, दिवसाची ९६, तापमान आणि दमटपणा दोन्ही फ्लोटमध्ये, म्हणजे ७६८ बाइट. डीएचटी२२ हा त्याचा सेन्सर एका दशांशापर्यंतच सांगतो, मग दहाने गुणून इंटमध्ये ठेवा की! एव्हीआरवर इंट २ बाइटचा, थेट ३८४ वाचले आणि माहिती तीच.

तो लोकल अ‍ॅरे आम्ही स्टॅटिक केला. रॅम तेवढीच जाते, पण आता ती आयडीईच्या आकड्यात दिसते, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. आणि स्टॅक खरंच किती खोल गेला ते बघायचं असेल तर सुरुवातीलाच मोकळी रॅम एकाच ठरलेल्या बाइटने भरून ठेवा, बोर्ड दिवसभर चालू दे, मग त्यातले किती बाइट तसेच राहिलेत ते मोजा.