शाळाबाह्य नात

लग्नात, तेरवीत, एसटीत, कुठंही गेलं तरी लहान लेकराला विचारायचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "कितवीत आहे वं तू?" माझी नात या प्रश्नावर आईकडे बघते, आई माझ्याकडे बघते आणि मी खिडकीबाहेर बघतो. नऊ वर्षांची आहे. शाळेत गेली असती तर चौथीत असती. मुलगा आणि सून पुण्यातली नोकरी सोडून वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीकडच्या आमच्या वावरात परतले, तेव्हाच पोरीला घरी शिकवायचं हे दोघांचं ठरलं होतं. मी जिल्हा परिषदेचा निवृत्त मास्तर. माझं मत त्यांनी विचारलं, पण ठरवून झाल्यावर विचारलं.

तिच्या अभ्यासाला वेळापत्रक नाही. भिंतीवर पंचांगाचं कॅलेंडर आहे, तेच चालतं. रोहिणी संपून मृग कधी लागतो हे आमच्याकडे घरातल्या बाळंतिणीच्या तारखेसारखं सगळ्यांना पाठ असतं, त्यामुळे तिलाही ते आलं. मग तिनं विचारलं, नक्षत्र किती दिवसांचं असते? मी म्हटलं, वर्षाचे 365 दिवस, नक्षत्रं 27, काढ तू. साडेतेरा आले. तिनं मृगाच्या 7 जूनपासून पुढं खुणा करत नेल्या, आर्द्रा 21 जूनच्या आसपास आली, कॅलेंडरशी जुळली. जुळल्यावर ती कॅलेंडरच तपासायला लागली. नक्षत्राचं वाहन बेडूक, म्हैस, हत्ती असलं की भरपूर पाऊस, असं तिची आजी सांगते. नातीनं उभ्या भिंतीचा एक डबा अंगणात ठेवला, आत पट्टी बुडवून रोज मिलिमीटर लिहायला लागली, आणि शेजारच्या रकान्यात त्या नक्षत्राचं वाहन. म्हशीच्या नक्षत्रात डबा कोरडा निघाला तेव्हा तिनं वही घेऊन आजीला गाठलं. आजी म्हणाली, म्हैस दुसऱ्या गावाले गेली असन. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी, हे तिला बापानं सांगितलं होतं. एकराचे चौरस मीटर होतात चार हजारांवर. म्हणजे मिलिमीटरभर शिंतोडे पडले तरी एकरावर ट्रॅक्टरचं एक टँकर उपडं झालं. त्यानंतर "आज काहीच नाही आला पाऊस" असं कोणी म्हटलं की ती टँकर मोजून दाखवते.

पण खरी मजा डोबणीची. आमच्याकडे कपाशी चौफुलीवर लावतात. वावरात उभ्या रेघा, त्यांवर आडव्या रेघा, आणि जिथं रेघ रेघेला कापते त्या फुलीवर सरकी डोबायची. गेल्या जूनमध्ये तीन फूट बाय तीन फुटांवर रेघा पाडल्या होत्या. नात धुऱ्यावर बसून बघत होती. एकरात फुल्या किती, हे तिनं कोणी न सांगता काढायला घेतलं, कारण बाप पाकिटं किती आणायची याच्या चिंतेत होता. गुंठा म्हणजे 33 फूट बाय 33 फूट. तीन-तीन फुटांवर एका बाजूला 11 फुल्या, दुसऱ्या बाजूला 11, म्हणजे गुंठ्यात 121. एकरात गुंठे 40. उत्तर 4840.

मी जागेवरून उठलोच. एक एकर म्हणजे 4840 चौरस यार्ड, हा आकडा मी फळ्यावर लिहून किती पिढ्यांकडून पाठ करून घेतला असेल! यार्ड म्हणजे तीन फूट, पण तो कसा असतो हे त्या पोरांनी कधी पाहिलं नव्हतं, आणि त्यांचे बाप तीन फुटांच्या चौफुलीवर कपाशी लावत होते. म्हणजे आकडा वर्गाबाहेर दोन शेतं पलीकडे उभाच होता, फक्त आमची गाठ पडत नव्हती. नातीला माझ्या या आनंदाशी काही देणंघेणं नव्हतं. तिचा पुढचा प्रश्न तयार होता. एका फुलीवर दोन दाणे टाकले तर 475 ग्रॅमच्या पाकिटात भागते का? तिनं स्वयंपाकघरातल्या काट्यावर दहा ग्रॅम सरकी मोजून घेतली, दाणे मोजले आणि गुणायला बसली. हात औषध लावलेल्या सरकीनं रंगले म्हणून आजीनं तिला आधी मोरीत नेलं, साबणानं दोनदा धुतले, मग गुणाकार करू दिला. पुढं उंदरांनी आणि उघडिपीनं जे करायचं ते केलं, नांग्या, म्हणजे न उगवलेल्या जागा, भराव्या लागल्या, आणि तिच्या हिशेबात हा रकाना नव्हता. तो तिनं नंतर जोडला.

भुलाबाईच्या महिन्यात मात्र तिचं गणित आपटलं. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत आमच्या भागात पोरी घरोघर भुलाबाईची गाणी म्हणत फिरतात. गाणी झाली की खिरापत ओळखायची. डब्यात काय आहे ते घरधनीण सांगत नाही, डबा हलवून वाजवते, पोरींनी प्रश्न विचारायचे. गोड की तिखट? ओलं की कोरडं? भाजलेलं की तळलेलं? सुनेनं नातीला युक्ती शिकवली होती की असा प्रश्न विचार, ज्यानं अर्धे पर्याय एका फटक्यात बाद होतील. सून कॉम्प्युटरवाली, तिथं म्हणे हेच करतात. नातीनं तशी चढती शिडी तयार केली, पाच प्रश्नांत खिरापत ओळखायचा बेत होता. पहिल्याच घरी तिचा दुसरा प्रश्न पुरा व्हायच्या आत गल्लीतली एक पोरगी ओरडली, "मुरमुऱ्याचा चिवडा!" कसं कळलं? तिनं सकाळी दुकानात त्या काकूला मुरमुरे घेताना पाहिलं होतं. दुसऱ्या घरी फुटाणे, कारण त्यांच्या घरून काल भट्टीचा वास आला. नात तीन दिवस फुगून होती. नंतर मी पाहिलं, दुपारी ती किराणा दुकानाच्या ओट्यावर उगाचच जाऊन बसायला लागली.

उन्हाळ्यात कुरोड्या. गहू भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, तिसऱ्या दिवशी वास का सुटतो ते विचारायचं, आणि कोणी नीट सांगायच्या आत गरम चीक वाटीत घेऊन पळायचं. त्यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही, चीक चांगला होतो एवढंच.

आता जे येत नाही ते. पाढे येत नाहीत. सतरा-अठरा-एकोणीस म्हटलं की पोरगी बेरीज करत बसते, आणि माझ्यातला मास्तर तळमळतो. अक्षर कोंबडीचे पाय. पण पाढे आणि अक्षर मी उन्हाळ्यात ओसरीवर बसवून सुधारून घेईन, ती माझी हातखंडा कला आहे. मला काळजी दुसरीच आहे. ही पोरगी कधी रांगेत उभी राहिलेली नाही. न आवडणाऱ्या बाईंचं ऐकून घेणं, ज्याच्याशी काल मारामारी झाली त्याच्याच शेजारी आज बसणं, आपलं उत्तर येत असतानाही दुसऱ्याला बोलू देणं, हे घरी कसं शिकवायचं? घरी तर तिनं तोंड उघडलं की चार मोठी माणसं गप्प होतात.

गावातला एखादा शहाणा कायद्याचंही विचारतो. सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक मुलाला मोफत आणि सक्तीचं शिक्षण, हा कायदा 2009 चा, लागू झाला 1 एप्रिल 2010 पासून. नोकरीतली शेवटची वर्षं मी त्याच कायद्याचे तक्ते भरत काढली. घरी शिकवण्याची अशी वेगळी सोय त्यात लिहिलेली नाही. पुढं दहावीचं म्हणाल तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची परीक्षा चौदा वर्षं पूर्ण झाली की देता येते, असं सुनेनं मला कागद काढून दाखवलं. मुलगा तर थेट सेवाग्रामवर जातो. आमचा जिल्हा म्हटल्यावर ते आलंच. 1937 च्या ऑक्टोबरात वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, गांधीजींनी हाताच्या उद्योगातून शिक्षणाची कल्पना मांडली, झाकिर हुसेन यांच्या समितीनं तिला आकार दिला, आणि तिलाच पुढं नई तालीम म्हणायला लागले. टकळीवरच्या सुतातून गणित, कापसातून भूगोल. मुलगा म्हणतो, बाबा, आपण तेच करून रायलो.

तेच नाही. नई तालीम ही शाळा होती. गावातली सगळी पोरं एकत्र बसून सूत कातत, एकट्या घरातली एकटी पोरगी नव्हे. घरच्या घरी शिकवण्याचा प्रयोग गांधीजींनी त्याआधी दक्षिण आफ्रिकेत आपल्या मुलांवर केला होता, आणि शाळेतलं शिक्षण मिळालं नाही म्हणून त्या मुलांची तक्रार राहिली, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे. मी हे मुलाला सांगतो. तो ऐकून घेतो, आणि गोठ्यात निघून जातो.

वेचणी सुरू झाली की मात्र मला काही सुचेनासं होतं. सीतादही, म्हणजे पहिल्या वेचणीची पूजा, झालं, वावरात दहीभात शिंपडला, बायांनी कमरेला ओट्या बांधल्या. नातीनंही बांधली. तिनं दहा बोंडांचा कापूस काट्यावर ठेवला, पन्नास ग्रॅमच्या थोडा खाली भरला. म्हणजे किलोला दोनशेच्या वर बोंडं. आमच्याकडे येणारी शेजारीण दिवसाला तीस किलो वेचते. नातीनं गुणाकार केला, सहा हजारांवर आला, आणि ती त्या बाईच्या बोटांकडे बराच वेळ बघत राहिली. बोंडाच्या वाळल्या टोकांनी कापलेली बोटं. मग किलोच्या वेचणीचा भाव काढून एका बोंडाचे किती पैसे पडतात तेही तिनं काढलं. आकडा मोठ्यानं वाचला नाही. सुनेनं तिचा ओटीसकट फोटो काढला, वहीत चिकटवला, वर लिहिलं, "प्रकल्प: कापूस."

त्याच तासात दोन ओळी सोडून शेजारणीचा पोरगा वेचत होता. नातीच्याच वयाचा, आमच्या गावच्या शाळेत चौथीत. वेचणीच्या दिवसांत तो शाळेत कमी आणि वावरात जास्त असतो, धाकट्या बहिणीला धुऱ्यावरच्या झोळीत झोका देतो आणि मधल्या वेळात ओटी भरतो. नातीनं त्याला विचारलं, तुझी किती भरली? त्यानं ओटी हातानं उचलून पाहिली, म्हणाला, "चार. साडेचार नाही व्हत." संध्याकाळी काट्यावर चार किलो दोनशे निघाले. नातीचा अंदाज तिच्या स्वतःच्या ओटीबद्दल दीड किलोनं चुकला होता.

नोकरीत असताना या दिवसांत मी सायकल घेऊन वावरं पालथी घालायचो. पऱ्हाटीत लपलेली पोरं शोधायची, आयांशी वाद घालायचा, पोराला डबलसीट बसवून शाळेत आणायचं. महिनाभर सलग दिसला नाही तर त्याचं नाव शाळाबाह्य मुलांच्या तक्त्यात जायचं, वरून फोन यायचे. आज एकाच वावरात दोन लेकरं, दोघांच्या कमरेला ओटी, दोघांच्या हाताला तीच चिरा पडणारी बोंडं. एकाच्या नावापुढं हजेरीपटात लाल शाईनं गैरहजर लागते. दुसरीचा फोटो वहीत लागतो. फरक एवढाच की तिला कंटाळा आला की ती घरी जाऊ शकते, आणि तिची आई लॅपटॉपवर पैसे कमावते. तिनं काढलेला प्रत्येक हिशेब ऐकायला घरी माणूस बसलेलं आहे. त्यानं हातानं तोललेले चार किलो कोणी ऐकले? मुलाला हे बोललो तर म्हणाला, मग त्यालाही बोलवा ना ओसरीवर. बोलावतो आता. येतो, जेव्हा बहीण झोपलेली असते.

गावच्या बाईंचं वेगळंच. शाळेचा पट अठरा. वीसच्या आत पट असलेल्या शाळांचं पुढं काय होणार याची धास्ती जिल्हा परिषदेच्या प्रत्येक मास्तरच्या पोटात असते, माझ्या अजूनही आहे. परवा बाई दारातूनच म्हणाल्या, "गुरुजी, तुम्हीच असं केल्यावर आम्ही कोणाकडे जायचं? नाव टाका नं पोरीचं, एकोणीस होतील." यावर मात्र मुलाजवळ बोलायला काही नव्हतं. आपली पोरगी घरी ठेवली की ती फक्त आपल्या घरी राहत नाही, शेजारच्या अठरा जणांच्या पटातून एक वजा होते, हा हिशेब त्याच्या कोणत्याच कागदात नव्हता. म्हणाला, जूनमध्ये पाहू.

नातीनं जूनची वाट पाहिली नाही. तिनं बाईंना अटी सांगितल्या. डोबणीच्या दिवसांत सुटी पाहिजे, भुलाबाईच्या महिन्यात दुपारी लवकर सोडायचं, पाढे आबाजीकडेच, म्हणजे माझ्याकडेच, शिकणार, आणि खिचडीच्या वेळेला हजर. बाई हसून म्हणाल्या, अशा अटी तर माझे अठराही सांगतील. मग ती धावत शेजारच्या पोराकडे गेली, तुझ्या बाजूला माझी जागा धरून ठेवशील का विचारायला. तो कुटार भरत होता. मान वर न करता म्हणाला, "धरा कायले लागते? बसाले जागाच जागा हाय."