वसंतात बडोद्यात बिऱ्हाड

बडोद्याला जाणारे बहुतेक मराठी प्रवासी लक्ष्मी विलास राजवाडा पाहतात, कमाटीबागेत एक संध्याकाळ काढतात आणि लगेच अहमदाबादकडे किंवा केवडियाच्या पुतळ्याकडे वळतात. आम्ही उभयतांनी मात्र फाल्गुन लागताना तिथे दोन खोल्यांचे घर भाड्याने घेतले आणि चैत्राचा शुक्ल पक्ष सरेपर्यंत मुक्काम केला. या मुक्कामाचा वृत्तांत लिहिताना प्रथम हे नोंदवतो की, पुण्या-मुंबईच्या मानाने बडोद्याचे घरभाडे कमी आहे हे खरे असले, तरी या शहराची स्वस्ताई मला अधिक जाणवली ती त्याच्या सार्वजनिक सोयींमध्ये. बाग, ग्रंथालय, भाजीबाजार, तलाव आणि संगीताचे महाविद्यालय ही सारी पायी जाण्याच्या अंतरावर असतील, तर दिवसाचा खर्च आपोआप आटोक्यात राहतो. यांतल्या बहुतेक गोष्टी १८७५ ते १९३९ या काळात गादीवर असलेल्या महाराज सयाजीराव गायकवाड तिसरे यांनी इथल्या रहिवाशांसाठी उभारल्या किंवा वाढवल्या. म्हणूनच त्या रहिवासी होऊन वापराव्यात, असे माझे मत आहे.

घराविषयी थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे, कारण अडचण तिथेच येते. घरमालकांना साधारणतः ११ महिन्यांचा करार हवा असतो आणि महिना-दीड महिन्यासाठी घर देण्यास ते नाखूश असतात. त्यामुळे आधी चार-सहा दिवस एखाद्या होमस्टेमध्ये उतरून मग वस्तीत फिरून चौकशी करणे श्रेयस्कर. दांडिया बाजार, रावपुरा आणि मांडवी या भागांत पिढ्यान्‌पिढ्या राहणारी मराठी कुटुंबे आहेत आणि वरच्या मजल्यावरची रिकामी खोली ओळखीतून मिळण्याची शक्यता तिथेच सर्वांत जास्त. अलकापुरी हा स्टेशनच्या पश्चिमेचा भाग प्रशस्त असला तरी महाग आहे. फतेगंजला विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांची गर्दी असते आणि परीक्षा संपेपर्यंत तिथल्या खोल्या सहसा रिकाम्या होत नाहीत. आम्ही दांडिया बाजाराच्या बाजूला राहिलो. रस्त्यावर वाहनांचा गोंगाट होता आणि गाडी उभी करायला जागा नव्हती, परंतु गाडीच नेली नसल्यामुळे त्याचे दुःख झाले नाही.

खोली ठरवण्यापूर्वी काही गोष्टी स्पष्ट विचारून घ्याव्यात. गच्चीच्या थेट खालची खोली कितीही हवेशीर दिसली तरी घेऊ नये, कारण मार्चच्या उत्तरार्धात तिचे छत रात्री उशिरापर्यंत धग सोडत राहते. महापालिकेचे पाणी ठरावीक वेळी येते, तेव्हा ती वेळ कोणती, टाकी किती मोठी आणि विजेचा मीटर वेगळा आहे का, हे आधीच पाहावे. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात देणे घरमालकावर बंधनकारक आहे, म्हणून ओळखपत्राच्या प्रती आणि छायाचित्रे जवळ ठेवावीत, आणि मालक ही नोंद टाळू पाहत असेल तर ते घर सोडून द्यावे. अनेक घरांत आणि सोसायट्यांत मांसाहार, काही ठिकाणी अंडीसुद्धा, चालत नाहीत. हा प्रश्न राहायला गेल्यावर नव्हे, पहिल्या भेटीतच काढावा. गुजरातेत दारूबंदी आहे, हे सांगण्याची खरे तर गरज नसावी, पण सामान भरताना काही जणांना त्याचा विसर पडतो.

सकाळ कमाटीबागेची. विश्वामित्री नदीच्या दोन्ही काठांवर पसरलेली ही बाग १८७९ साली तयार झाली आणि तिचे औपचारिक नाव सयाजीबाग असले तरी रिक्षावाल्याला कमाटीबागच सांगावे. पिंपळाला तांबूस पालवी फुटलेली असते, सावरीची जाड लाल फुले वाटेवर पडलेली असतात आणि ठरलेल्या बाकांवर ठरलेली मंडळी बसलेली असतात. दोन-चार दिवस त्याच वेळी गेलो की त्यांतले कोणीतरी सरकून जागा करून देते, आणि शहरातल्या चांगल्या दंतवैद्यापासून विश्वासू दूधवाल्यापर्यंतची सगळी माहिती त्या बाकावर मिळते. विश्वामित्रीत मगरी आहेत, आणि त्या शहराच्या मधोमध, पुलावरून दिसतील अशा राहतात. ऊन वर आल्यावर त्या काठावर पहुडलेल्या दिसतात. त्या पुलावरूनच पाहाव्यात, काठाने खाली उतरू नये.

बागेतल्या संग्रहालयाला आणि चित्रदालनाला एक पूर्ण दुपार द्यावी. पण मला अधिक समाधान मिळाले ते मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात. सयाजीरावांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यात आणून संस्थानभर सार्वजनिक वाचनालयांचे जाळे उभारायला लावले, आणि हे ग्रंथालय त्या जाळ्याचे केंद्र होते. पोलादी कपाटांच्या मजल्यांमध्ये जाड काचेच्या फरश्या बसवलेल्या आहेत, त्यामुळे वरचा उजेड खालच्या मजल्यापर्यंत झिरपतो. मराठी पुस्तकांचा संग्रह मोठा आहे. वाचनकक्षात बसून वृत्तपत्रे वाचणाऱ्या ज्येष्ठांकडून, आदल्या दिवशी कोणत्या सभागृहात काय झाले आणि आज कुठे काय आहे, हे समजते. बडोद्यातल्या बऱ्याच मैफली आणि व्याख्याने विनामूल्य असतात आणि त्यांची बातमी अशीच तोंडोतोंडी पसरते. सूरसागर तलावाजवळच्या संगीत महाविद्यालयाची सुरुवात १८८६ साली मौलाबक्ष यांच्या हाताखाली झाली. त्याच्या फाटकावरचा सूचनाफलक येता-जाता वाचत जावा, कारण विद्यार्थ्यांचे कार्यक्रम बहुधा तिथेच जाहीर होतात.

या मोसमाचे खरे वैभव मात्र घराच्या गच्चीवर आणि मसाल्याच्या बाजारात आहे. होळीच्या आसपास गुजराती घरांत वर्षाची बेगमी सुरू होते. गहू, लाल मिरची, हळद, धणे-जिरे या सगळ्यांची वर्षभराची खरेदी याच दिवसांत होते आणि त्यासाठी रस्त्याकडेला मांडव घालून तात्पुरते मसाला बाजार भरतात. गिऱ्हाइकासमोर मिरची निवडून, देठ काढून, यंत्रावर कुटून देतात. रंगासाठी काश्मिरी आणि चवीसाठी रेशमपट्टी असे मिश्रण प्रत्येक घर आपापल्या हिशेबाने ठरवते, आणि हा हिशेब शेजारणींमध्ये गंभीर चर्चेचा विषय असतो. आमच्या शेजारच्या मासींनी (मावशींनी) मला एका मांडवात नेले, तीन ढिगांतली मिरची बोटांत चुरून वास घ्यायला लावला आणि दुकानदारासमोरच दोन ढीग नापास केले. दुकानदारालाही त्यात काही वावगे वाटले नाही. गव्हाचेही तसेच. भालिया घ्यावा की लोकवन, यावर घराघरांत दोन पक्ष असतात. घरी आणलेला गहू निवडून त्याला दिवेल, म्हणजे एरंडेल, चोळतात आणि मग तो कोठीत भरतात. हे काम एकट्याचे नसल्याने शेजारपाजारचे हात आपोआप येतात, आणि नवख्या भाडेकरूने त्यात हात घातला तर त्याची जितकी ओळख एका सकाळी होते तितकी महिनाभर जिन्यात नमस्कार करून होणार नाही.

त्याच सुमारास गच्च्यांवर बटाट्याचे वेफर्स, जाळीदार कातरी, साबुदाण्याच्या चकल्या आणि तांदळाच्या पिठाची सारेवडी वाळत पडतात. सारेवडीसाठी शिजवलेले गरम पीठ कच्चे तेल आणि मेथीचा मसाला घालून तिथल्या तिथे खातात. त्याला खिचू म्हणतात, आणि गच्चीवर काम करणाऱ्या प्रत्येकाला त्याची वाटी मिळते. आपल्याकडे पापडाच्या लाट्यांसाठी मुले घोटाळत राहतात, तशी तिथे खिचूसाठी राहतात. मोठेही राहतात, फक्त ते पक्षी हाकलण्याचे निमित्त पुढे करतात. गच्ची वापरण्याचे दिवस वाटून घेतलेले असतात. आपल्याला कपडे वाळत घालायचे असतील तर आदल्या संध्याकाळी विचारावे, अन्यथा बटाट्यांच्या चकत्यांवर ओली चादर टपकवण्याचे पाप पदरी येते.

होळी पोळच्या, म्हणजे जुन्या शहरातल्या गल्लीच्या, नाक्यावर पेटते. लोक पाण्याची धार धरत प्रदक्षिणा घालतात, अग्नीत नारळ, धाणी (ज्वारीच्या लाह्या), चणे आणि खजूर वाहतात. दुसऱ्या दिवशीच्या धुळवडीला दुपारपर्यंत रस्त्यावर बाहेर पडू नये, पडल्यास जुन्या कपड्यांत पडावे. केसुडा, म्हणजे पळसाची फुले, बाजारात वाळलेली मिळतात. त्यांच्या पाण्याचा रंग करतातच, शिवाय उन्हाळा बाधू नये म्हणून लहान मुलांना त्या पाण्याने आंघोळ घालतात. चैत्र लागताच कडुनिंबाच्या मोहराचा कडू रस अनेक घरांत पितात. आपण पाडव्याला कडुनिंबाची पाने चाखतोच, तेव्हा मराठी माणसाने तोंड वाकडे करण्याचे कारण नाही. गुजराती पंचांगाचे महिने आपल्यासारखेच अमावास्येला संपतात, त्यामुळे तिथींचा गोंधळ होत नाही. मात्र त्यांचे वर्ष कार्तिकात बदलत असल्याने गुढीपाडव्याला शहर नेहमीसारखे चालू असते, आणि गुढ्या दिसतात त्या दांडिया बाजार-रावपुऱ्यासारख्या वस्त्यांतल्या मराठी घरांवर. सणाचे सामान एक दिवस आधी आणावे. खंडेराव मार्केट ही १९०६ सालची देखणी इमारत आता महापालिकेची कचेरी आहे आणि तिच्या परिसरातला भाजी-फुलांचा बाजार सकाळी लवकर गाठला तर माल ताजा मिळतो.

प्रेक्षणीय स्थळे मुक्कामाच्या दिवसांत सावकाश वाटून घेता येतात, हा भाड्याच्या घराचा आणखी एक लाभ. राजवाडा सोमवारी बंद असतो. तांबेकर वाड्यातली एकोणिसाव्या शतकातली भित्तिचित्रे पाहायला फारसे कोणी जात नाही, तरी मी ती राजवाड्याच्या आधी सुचवीन, कारण लाकडी जिने चढून वर गेल्यावर महाभारत, कृष्णलीला आणि त्या काळचे नागर जीवन एकाच भिंतीवर शेजारी शेजारी नांदताना दिसते. कीर्तिमंदिर या गायकवाड घराण्याच्या स्मारकातली नंदलाल बोस यांची भित्तिचित्रे पाहताना घाई करू नये. ललितकला विद्याशाखेत शैक्षणिक वर्ष संपताना विद्यार्थ्यांच्या कामाचे प्रदर्शन भरते, त्याच्या तारखा मिळाल्यास मुक्काम त्याप्रमाणे लांबवण्यास हरकत नाही. चांपानेर-पावागढ हे २००४ साली जागतिक वारशाच्या यादीत गेलेले ठिकाण सुमारे ५० किलोमीटरवर आहे. चैत्री नवरात्रात तिथे प्रचंड गर्दी होते, म्हणून ते फाल्गुनातच उरकावे.

खाण्यापिण्याबद्दल थोडक्यात: शेव-उसळ तिखट असते आणि वरून घ्यायची तर्री त्याहून तिखट, तेव्हा पहिल्या खेपेस ती वेगळी मागावी. लीला चिवडा ओलसर असल्याने तो फार दिवस टिकत नाही. रोजचा स्वयंपाक घरी केला तर खर्च निम्म्यावर येतो, आणि मार्चमध्ये ताजे वाल, तुरीचे दाणे संपत आले तरी शेवग्याच्या शेंगा आणि कैऱ्या भरपूर असतात.

शहरातल्या प्रवासासाठी रिक्षाचे भाडे बसण्यापूर्वी ठरवावे, किंवा शेअर रिक्षाने जावे. सिटी बसचे स्थानक रेल्वे स्टेशनसमोरच आहे, पण बसवरच्या पाट्या बहुधा गुजरातीत असतात. गुजराती लिपी शिरोरेषा नसलेल्या देवनागरीच्या इतकी जवळ आहे की ती दोन संध्याकाळी वाचता येऊ लागते. अंकांपासून सुरुवात करावी. मुंबईहून अंतर सुमारे ३९० किलोमीटर असून गाड्या मुबलक आहेत, पुण्याहूनही थेट गाड्या मिळतात. परंतु होळीच्या आठवड्यातली आरक्षणे फार लवकर भरतात. सामान अलकापुरीकडे न्यायचे असल्यास स्टेशनच्या पश्चिमेच्या दाराने आणि जुन्या शहराकडे न्यायचे असल्यास सयाजीगंजच्या दाराने बाहेर पडावे, नाहीतर गरनाळ्यातून, म्हणजे रुळांखालच्या भुयारी रस्त्यातून, वळसा पडतो.

जाण्यासाठी उत्तम काळ फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंतचा. एप्रिलमध्ये पारा चाळिशीकडे सरकतो आणि दुपारी बारा ते पाच घराबाहेर पडणे शक्य होत नाही. त्यामुळे पाडवा एप्रिलात येणाऱ्या वर्षी होळीपर्यंतच राहून परतावे. परतताना मसाला आणायचा असेल तर तो कुटून झाल्यावर पूर्ण निवू द्यावा, मगच जाड पिशवीत भरून तोंड शिवून घ्यावे. मांडवाचे दुकानदार हे करून देतात. गहू मात्र कितीही मोह झाला तरी रेल्वेने आणू नये. हमालीसकट हिशेब केला तर तो पुण्यात घेतलेल्या गव्हापेक्षा महाग पडतो.