डॉट-डी फोल्डरमधली फाइल वाचली का जात नाही?

उबुंटू-डेबियन या लिनक्सवर सेटिंग्जच्या ईटीसी फोल्डरखाली 'डॉट डी' शेपटीची बरीच फोल्डरं असतात. फाइल तिथे टाकली की झालं, असं वाटतं. पण नावाचा नियम प्रत्येक पॅकेजचा वेगळा, आणि नाव नियमात बसलं नाही तर फाइल बहुतेक वेळा गुपचूप वगळली जाते. एररही दिसत नाही.

समजा, नागपुरात बर्डीवरच्या एखाद्या ऑफिसच्या सर्व्हरवर रोजचा बॅकअप लावायचाय. 'बर्डी-बॅकअप.एसएच' ही स्क्रिप्ट रोज चालायच्या स्क्रिप्टांच्या क्रॉन.डेली फोल्डरमध्ये ठेवली, एक्झिक्युट परमिशनही दिली. तरी ती चालणार नाही. तिथल्या स्क्रिप्ट चालवणारा रन-पार्ट्स हा प्रोग्राम नावात फक्त इंग्रजी अक्षरं, आकडे, अंडरस्कोर आणि हायफन चालवून घेतो. डॉट दिसला की फाइल बाद. शेवटचं '.एसएच' काढा आणि 'रन-पार्ट्स --टेस्ट' ही कमांड फोल्डरचा पूर्ण पाथ देऊन चालवा. यादीत नाव आलं तरच काम होणार. रॉकी किंवा अल्मा या रेड हॅट घराण्यातल्या लिनक्सवर मात्र हीच फाइल जुन्या नावानं बिनबोभाट चालते, त्यामुळे तिकडून उचललेली स्क्रिप्ट इकडे हमखास फसते. लॉगिन करताना वाचल्या जाणाऱ्या प्रोफाइल.डीचं तर नेमकं उलट: तिथे '.एसएच' नसेल तर फाइल वाचलीच जात नाही.

सुडोनं अॅडमिनचे अधिकार कुणाला ते ठरवणाऱ्या सुडोअर्स.डीलाही डॉट चालत नाही. ऑफिसातली युजरनेमं 'आद्याक्षर, डॉट, आडनाव' अशी असतील आणि प्रत्येकाच्या नावानं फाइल केली, तर एकालाही अधिकार मिळणार नाहीत. फाइलच्या नावात डॉटऐवजी हायफन घाला. आतलं युजरनेम आहे तसंच ठेवा.

सगळ्यात जास्त डोकं खातो तो क्रम. कर्नलच्या सेटिंग्जच्या सिस्कटीएल.डीमध्ये नंतर वाचलेली किंमत टिकते, म्हणून '९९-' लावायची सवय लागते. दुरून लॉगिन करू देणाऱ्या एसएसएच सर्व्हिसच्या एसएसएचडी_कॉन्फिग.डीमध्ये मात्र पहिली किंमत टिकते. क्लाउडवरच्या उबुंटूत बरेचदा '५०-क्लाउड-इनिट.कॉन्फ' ही फाइल आधीच बसलेली असते आणि तिच्यात पासवर्ड लॉगिन चालू असतं. तुम्ही '९९-' लावून कितीही 'नो' लिहा, लॉगिन चालूच राहतं. '१०-' लावा. '९-' नको: क्रम अक्षरांनुसार लागतो, त्यात '९-' ही '५०-' च्याही मागे जाते. मग 'सुडो एसएसएचडी -टी' (टी कॅपिटल) चालवून शेवटी लागू झालेली किंमत बघा, सर्व्हिस रीलोड करा आणि जुनं सेशन उघडं ठेवून दुसऱ्या विंडोतून लॉगिन करून पाहा.

एनजिनएक्स या वेब सर्व्हरची तऱ्हा आणखी वेगळी. चालू साइट्सच्या साइट्स-एनेबल्ड फोल्डरमध्ये त्याला कुठलंही नाव चालतं, अगदी '.बॅक' सुद्धा. बदल करण्याआधी तिथेच कॉपी काढून ठेवली तर दोन्ही फाइली वाचल्या जातात. आत 'डिफॉल्ट_सर्व्हर' असेल तर 'डुप्लिकेट' म्हणून रीलोडच अडतं. निदान इथे एरर तरी दिसते! कॉपी साइट्स-अव्हेलेबलमध्ये ठेवा.