केल्विनचा के

आज दिवसभर रिपग्रेप या फाइलींमधला मजकूर शोधणाऱ्या कमांडच्या केस-सेन्सिटिव्हिटीच्या, म्हणजे कॅपिटल-स्मॉल अक्षरांतल्या फरकाच्या, टेस्ट लिहीत होते. त्यातलं स्मार्ट केस मला मनापासून आवडतं: शोधायचा शब्द सगळा लोअरकेसमध्ये असेल तर कॅपिटल-स्मॉल सगळं चालतं, पण एक जरी अक्षर कॅपिटल टाकलं की शोध एकदम काटेकोर. (हे आपणहून होत नाही, कमांडला डॅश कॅपिटल एस हा पर्याय द्यावा लागतो.)

खरी मजा पुढे आली. डॅश आय (कॅपिटल-स्मॉलचा फरक न करण्याचा पर्याय) लावून साधा स्मॉल के शोधला, तर केल्विन तापमानाचं चिन्हही सापडलं! दिसायला हुबेहूब कॅपिटल के, पण युनिकोडमध्ये (सगळ्या लिप्यांतल्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या मानकात) ते वेगळं अक्षर आहे आणि केस-फोल्डिंगच्या, म्हणजे कॅपिटल-स्मॉलच्या जोड्या लावणाऱ्या, तक्त्यात स्मॉल केशी जोडलेलं आहे. जर्मन एस्सेट (ß हे अक्षर, ज्याऐवजी दोन एसही लिहितात) मात्र दोन एसशी जुळलं नाही, कारण इथे एका अक्षरासमोर एकच अक्षर धरतात.

उद्या तुर्की भाषेतला बिनटिंबाचा आय.