तांब्याच्या पत्र्यावरचे डच पाद्रीबुवा

18व्या शतकातल्या डच पाद्र्याचं तांब्यावरचं व्यक्तिचित्र समोर आलं, की आधी गळ्याखालच्या दोन पांढऱ्या पट्ट्या बघा. तांबं तेलरंगातलं तेल शोषत नाही, त्यामुळे कापडाच्या विणीत हरवणारी रेघ इथे लख्ख उमटते. पट्टीच्या झिरझिरीत कडेतून काळा झगा दिसतो. फार सुंदर असतं ते!

पण गुळगुळीत धातूवर रंगाची पकड कच्ची. म्हणून पत्रा प्युमिसने (ज्वालामुखीच्या सच्छिद्र दगडाने) घासून खरबरीत करत, लसणाचा रस चोळत, मग शिशापासून बनवलेल्या पांढऱ्या रंगाचा पातळ तेलकट थर देत. पत्रा साधारण 1 मिलिमीटरचा. कोपरा आपटला की धातू वाकतो, वाळलेला रंग वाकत नाही, पापुद्रे सुटतात. घामातल्या क्षारांनी हिरवा गंजही चढतो. हातमोजे घालूनच धरा. पापुद्रा सुटलेला दिसला तर पुसू नका, चित्र उभं न ठेवता सपाट ठेवा.