वॉकीटॉकीची बॅटरी कपाटातच म्हातारी होते

मी आणि नवरा, आम्ही दोघंही लायसन्सवाले हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाले. पावसाळ्यात आणि थंडीत आमचे हँडहेल्ड सेट गडांवर फिरतात, पण मार्च ते मे कपाटात पडून असतात. बॅटऱ्यांची खरी झीज होते ती तेव्हा.

लिथियम-आयन बॅटरीला उष्णता सोसत नाही आणि काठोकाठ भरून पडून राहणंही सोसत नाही. आमचा फ्लॅट सगळ्यात वरच्या मजल्यावर. पुण्यातल्या एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकला की स्लॅब रात्री उशिरापर्यंत तापलेला असतो. फुल्ल चार्ज पॅक अशा खोलीत महिनोन् महिने राहिला, तर आतलं रसायन हळूहळू बिघडतं आणि गेलेली क्षमता परत येत नाही. पॅकवर 7.4 व्होल्ट लिहिलेलं असलं तर आत दोन सेल असतात. पूर्ण भरल्यावर मल्टिमीटर 8.4 दाखवतो. मी 7.6 च्या आसपास आणते, म्हणजे साधारण निम्मा चार्ज. मग पॅक सेटपासून काढून खालच्या मजल्यावर सासूबाईंच्या खोलीत, उत्तरेच्या भिंतीतल्या कपाटात ठेवते. सेटला लावून ठेवला तर सेट बंद असतानाही काही मॉडेल्स थोडा करंट ओढत राहतात.

सासरे मात्र अजून म्हणतात, "अगं, आधी पूर्ण उतरू दे, मग लाव चार्जिंगला." त्यांनी वापरल्या त्या निकेल-कॅडमियमच्या बॅटऱ्या, आणि त्यांच्यासाठी हा सल्ला रास्तच होता. लिथियमचं उलट आहे. वीस-तीस टक्के उरले असतानाच चार्जिंगला लावलेली बरी. फारच खाली गेलेला पॅक चार्जर घेतच नाही, आणि त्याला जबरदस्तीने जागं करायच्या युक्त्या कृपा करून करू नका. पॅकऐवजी डबल-ए (AA) मापाचे निकेल-मेटल हायड्राइड सेल घालायची डबी असेल, तर ते सेल पडून राहूनही उतरतात. निघायच्या आदल्या रात्री चार्ज करा, एवढंच.

गडावर बॅटरी खातं ते बोलणं. पाच वॅटवर बटण दाबलं की सेट दीड अँपिअरच्या आसपास ओढतो; नुसतं ऐकताना त्याच्या काही अंशच. राजगड आणि तोरणा एकमेकांना समोरासमोर दिसतात, तिथे एक वॅट पुरेसा होतो. आधी लो पॉवरवर हाक मारा, उत्तर नाही आलं तरच वाढवा.

पावसातून आल्यावर पॅक लगेच चार्जरमध्ये खुपसू नये. संपर्कपट्ट्या कोरड्या पुसून, हिरवट थर दिसला तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ करून, रात्रभर हवेवर ठेवते. आणि पॅक फुगलेला दिसला, सेटच्या पाठीला नीट बसेना, तर तो त्याच क्षणी बाद. दाबून बसवायचा नाही, घरच्या कचऱ्यातही टाकायचा नाही. टोकांवर चिकटपट्टी लावून मी तो ई-कचरा घेणाऱ्यांकडे देते.